विक्री अडीचपट, अडकलेला पैसा साडेपाचपट: औसा तालुक्यातील एका लहान डाळ मिलचे प्रकरण

लातूरचे नाव तुरीच्या आणि तूरडाळीच्या व्यापारात देशभर घेतले जाते. शहरात आणि औद्योगिक वसाहतीत मोठ्या डाळ मिल आहेत, आणि त्यांच्या सावलीत आजूबाजूच्या तालुक्यांत एका शेडमध्ये, चार-पाच माणसांवर चालणाऱ्या लहान मिलही आहेत. पुढील प्रकरण औसा तालुक्यातील अशाच एका मिलचे आहे. हे कुणा एका कुटुंबाचे चरित्र नव्हे. लहान मिलच्या वह्यांत पुन्हा पुन्हा दिसणारी स्थिती एकत्र आणून ते उभे केले आहे, आणि मिलच्या आतले आकडे गणित स्वच्छ दिसावे म्हणून गोळाबेरजेने घेतले आहेत. बाजारभाव, योजना आणि कायद्यातील तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

मिल आणि तिचा मूळ धंदा

दोघे भाऊ. थोरले शेती पाहतात, धाकटा मिल चालवतो आणि धाकट्याची पत्नी वह्या लिहिते. सुरुवातीला मिलचे काम दोन प्रकारचे होते. पहिले म्हणजे मजुरीवर डाळ करून देणे: शेतकरी आपली तूर आणून टाकतो, किलोमागे 8 रुपये मजुरी देतो आणि डाळ व चुनी (डाळीचा बारीक चुरा) घेऊन जातो. दुसरे म्हणजे स्वतः तूर विकत घेऊन, डाळ करून ती औसा, निलंगा आणि उमरगा भागातील किराणा दुकानांना विकणे. या दुसऱ्या कामाचे प्रमाण महिन्याला 40 क्विंटल तुरीचे होते आणि दुकानदार आठ-दहा दिवसांत पैसे देत असत.

काम कसे होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे गणित त्यात दडलेले आहे. आलेली तूर चाळून, खडे-माती काढून, लहान-मोठा दाणा वेगळा केला जातो. मग ती एमरीच्या रोलरवरून जाते, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. त्यानंतर तेलाचा हात देऊन रात्रभर ढीग लावून ठेवतात, पुढचे दोन-तीन दिवस ओट्यावर उन्हात वाळवतात आणि मग टरफल काढून डाळ फोडतात. क्विंटलभर तुरीतून या मिलला 72 किलो डाळ, 10 किलो चुनी आणि 13 किलो टरफल मिळते. उरलेले 5 किलो माती, काडी आणि ओलावा यांत जातात. उतारा वाणावर आणि दाण्याच्या आकारावरही ठरतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राची पांढरी बीडीएन 711 आणि लाल बीएसएमआर 736 एकाच दिवशी एकाच रोलरवर घातली तर दोन्हींचा उतारा बिघडतो, हे धाकट्याला पक्के ठाऊक होते. कारागीर म्हणून तो चोख होता, आणि मिल अडचणीत आली ती कारागिरीमुळे नव्हे.

2023 साली मराठवाड्यात पाऊस ओढ देऊन गेला आणि त्या हंगामाची तूर 2024 च्या सुरुवातीला 10 हजारांच्या आसपास विकली जाऊ लागली, त्या वेळी हमीभाव 7 हजार रुपये असताना. त्या भावाने एका क्विंटलचा हिशेब असा होता: तूर 10,000, हमाली-तोलाई-वाहतूक 150, वीज, मजूर, तेल आणि बारदाना मिळून 450, एकूण 10,600 रुपये. विक्रीच्या बाजूला 72 किलो डाळ 145 रुपयांनी 10,440, चुनी 28 रुपयांनी 280 आणि टरफल 15 रुपयांनी 195, एकूण 10,915. हातात राहिले 315 रुपये, म्हणजे गुंतवलेल्या शंभर रुपयांवर तीन. डाळीच्या धंद्यात मार्जिन असेच पातळ असते. हा धंदा चालतो तो पैसा किती वेळा फिरतो यावर.

वाढ कशी झाली

डाळ चांगली होती, त्यामुळे मागणी आली. तुळजापूर आणि मुरूम भागातील दुकानदार विचारू लागले, आणि लातूर शहरातील एका पुरवठादाराने महिन्याला 15 क्विंटल डाळ उचलण्याची तयारी दाखवली. शिकवण्यांसाठी लातूरला राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांच्या खानावळींना किराणा पोहोचवणारा हा माणूस होता. त्याची मागणी बाराही महिने टिकणारी होती आणि तो बुडवणारा नव्हता. वर्षभरात मिलची स्वतःची तूर महिन्याला 40 वरून 100 क्विंटलवर गेली. घरात सगळ्यांनाच बरे वाटले. शेडला नवा रंग लागला आणि एक जुना छोटा टेम्पो आला.

या वाढीत तीन गोष्टी न ठरवता होऊन गेल्या. नव्या दुकानदारांना माल लावायचा तर उधारी द्यावीच लागते, या समजुतीने सरासरी उधारी 10 दिवसांवरून 50 दिवसांवर गेली. भाव चढत असल्याने "आजच घेतलेली बरी" म्हणून तुरीचा साठा 15 दिवसांवरून 20 दिवसांवर आणि तयार डाळीचा 8 वरून 13 दिवसांवर गेला. आणि ओट्यावर जागा पुरेना म्हणून मजुरीचे काम बंद झाले. "त्या चार-चार पोत्यांच्या कटकटीत कोण पडणार," असे धाकट्याचे म्हणणे होते.

वर्षाच्या शेवटी वहीत नफा दिसत होता आणि गल्ल्यात पैसा नव्हता. मजुरांचा आठवडा द्यायला एकदा थोरल्यांनी सोयाबीनच्या पट्टीतले पैसे दिले. थोरल्यांचा प्रश्न साधा होता: इतका माल जातो आहे, तर पैसे जातात कुठे? धाकट्याचे उत्तरही प्रामाणिक होते: बँकेने कर्जाची मर्यादा वाढवून दिली की सगळे सुरळीत होईल. माझ्या पाहण्यात लहान उद्योगाच्या अडचणीचे हे निदान सर्वांत लोकप्रिय आहे, आणि बहुतेक वेळा ते अपुरे ठरते.

पैसा कुठे होता

हिशेब दिवसांत मांडला की उत्तर लगेच सापडते. तुरीचे पैसे आडतीवर द्यायचे ते जवळपास रोखच, म्हणून त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी. पूर्वी तूर 15 दिवस पडून राहत असे, डाळ होण्यात 7 दिवस जात, डाळ 8 दिवस गोदामात राही आणि पैसे 10 दिवसांनी येत. असे 40 दिवस होत. महिन्याला 40 क्विंटलचा खर्च 4 लाख 24 हजार, म्हणजे 40 दिवसांसाठी सुमारे 5 लाख 65 हजार रुपये धंद्यात अडकलेले. कुटुंबाचे स्वतःचे भांडवल 6 लाखांचे होते आणि ते पुरत होते.

वाढीनंतर 20, 7, 13 आणि 50 असे 90 दिवस झाले. महिन्याचा खर्च 10 लाख 60 हजार. तीन महिन्यांचे 31 लाख 80 हजार. विक्री अडीचपट झाली आणि तिच्यासाठी लागणारा पैसा साडेपाचपटीहून अधिक झाला, कारण माल वाढला आणि दिवसही वाढले, आणि या दोन वाढींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

वरचे 26 लाख कुठून आले? बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (गरजेप्रमाणे काढता-भरता येणारे कर्ज) 12 लाख, सोने तारण ठेवून 3 लाख, शेकडा 2 रुपये महिना दराचे हातउसने 5 लाख आणि आडत्याकडे थकलेले 6 लाख. आडत्या व्याज लावत नव्हता. तो भावात क्विंटलमागे थोडे जास्त लावत होता, जे वहीत व्याज म्हणून कधीच दिसत नाही. या सगळ्याचा सरासरी दर वर्षाला 12 टक्के धरला, आणि तो कमीच धरला आहे, तरी महिन्याचे व्याज 26 हजार रुपये होते. आता नफ्याकडे पाहू. 40 क्विंटलला 315 प्रमाणे 12,600 रुपये मिळत होते, 100 क्विंटलला 31,500 मिळू लागले. त्यातून 26 हजार वजा केले की उरले 5,500. अडीचपट काम करून कुटुंबाची कमाई निम्म्याहून खाली आली होती, आणि त्यात मजुरीच्या कामाचे गेलेले उत्पन्न अजून धरलेलेच नाही.

हेच किलोवर आणून पाहिले तर दुकानात उभे राहून सांगता येण्याजोगे गणित मिळते. किलोमागे नफा 4 रुपये 37 पैसे. 145 रुपयांची डाळ 50 दिवस उधार दिली तर 12 टक्क्यांनी व्याज 2 रुपये 38 पैसे. अर्ध्याहून जास्त नफा तिथेच गेला. आणि त्या डाळीमागचा पैसा हातउसन्याचा असेल तर व्याज 4 रुपये 77 पैसे होते, म्हणजे माल विकण्यापेक्षा न विकणे परवडले.

खतावणीचे एक पान

वह्या नीट होत्या. रोजमेळ रोज लिहिला जात होता, खतावणीत प्रत्येक दुकानाचे पान होते. तरीही धोका दिसला नाही, त्याचे कारण एका दुकानाच्या पानावर सापडते. नावे (दिलेला माल) 18,850, जमा (आलेले पैसे) 10,000. नावे 14,500, जमा 5,000. नावे 21,750, जमा 10,000. प्रत्येक खेपेला काहीतरी जमा होत असल्यामुळे हा दुकानदार "देणारा" वाटतो. बाकी मात्र 8,850, मग 18,350, मग 30,100 अशी चढत गेली आहे. टेम्पो दारात उभा असताना दुकानदार हसून म्हणतो, "माल उतरवा मालक, राहिलेल्याचं पुढल्या बाजारी बघूत," आणि पोती उतरतात. तो खोटे बोलत नसतो. त्यालाही त्याच्या गिऱ्हाइकाने उधारीवरच ठेवलेले असते, आणि सोयाबीनचे पैसे आल्याशिवाय त्या साखळीतले कुणीच मोकळे होत नाही.

धाकट्याच्या पत्नीने जे एक काम केले त्याने या प्रकरणाला वळण मिळाले. सगळ्या पानांवरची बाकी तिने दुकानाप्रमाणे न मांडता वयाप्रमाणे मांडली. एकूण येणे 17 लाख 40 हजार. त्यांतले 5 लाख 20 हजार 15 दिवसांच्या आतले, 5 लाख 60 हजार 16 ते 45 दिवसांचे, 3 लाख 80 हजार 46 ते 90 दिवसांचे आणि 2 लाख 80 हजार 90 दिवसांच्या वरचे. शेवटच्या रकमेतली बहुतेक दुकाने माल घेणेच बंद करून दुसरीकडून घेऊ लागली होती. जमा करताना जुन्या बिलाचे नाव न लिहिता नुसती रक्कम लिहिण्याची पद्धत असल्यामुळे कोणते बिल फिटले आणि कोणते राहिले हे आजवर कुणी पाहिलेच नव्हते. लहान उद्योगाला महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. पण ही वयवार यादी दर पंधरवड्याला काढल्याशिवाय उधारीवर माल देणे म्हणजे डोळे मिटून देणे होय.

यादीत सर्वांत मोठे नाव होते लातूरच्या पुरवठादाराचे: 4 लाख 40 हजार. तो नियमित देत होता, पण दोन महिन्यांनी, आणि मोठा म्हणून त्याला किलोमागे 2 रुपये कमी लावलेले होते. महिन्याच्या 1,500 किलोवर नफा 6,560 रुपये, त्यातून सूट 3,000, राहिले 3,560. अडकलेल्या रकमेचे व्याज 4,400. ज्या गिऱ्हाइकाचे नाव घरात अभिमानाने घेतले जात होते, त्याच्यासाठी मिल दर महिन्याला पदरचे सुमारे 840 रुपये घालत होती.

भाव उतरला

हे सगळे कागदावर येते न येते तोच बाजार फिरला. जून 2024 मध्ये केंद्र सरकारने तूर आणि हरभऱ्यावर साठा मर्यादा लावली होती, तुरीची आयात शुल्कमुक्त होती, आणि त्या वर्षीच्या पावसावर पीकही बरे आले. डिसेंबर 2024 पासून नवी तूर येऊ लागली आणि जानेवारी-फेब्रुवारी 2025 पर्यंत भाव 7 हजारांच्या पुढे-मागे आला, 7,550 च्या हमीभावाच्याही खाली कित्येकदा गेला.

मिलकडे तूर, ओट्यावरचा माल आणि तयार डाळ मिळून 40 दिवसांचा साठा होता, म्हणजे 133 क्विंटल तुरीइतका. क्विंटलमागे 2 हजारांनी किंमत घसरली असे धरले तरी 2 लाख 66 हजार रुपये गेले. 100 क्विंटलच्या पूर्ण कामाची ही साडेआठ महिन्यांची कमाई. त्यावर काही दुकानदारांनी जुन्या बिलांवरही घासाघीस सुरू केली: भाव पडला आहे, मागच्या मालात थोडे सोडा. उधारी लांबली की बिलाची रक्कमसुद्धा पक्की राहत नाही, हे येथे कळते.

साठ्याबद्दल धाकट्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. तूर बाजारात जोरात येते ती जेमतेम तीन महिने; जूननंतर चांगला, एकसारखा दाणा मिळवायचा तर जास्त पैसे मोजावे लागतात, म्हणून मिलवाल्याने हंगामात काही माल भरून ठेवावा, हे खरेच आहे. पण येथे साठा वाढला तो पावसाळ्याच्या तरतुदीसाठी नव्हे, भाव चढेल या आशेने, आणि तोही व्याजाच्या पैशांवर. डाळ करणे हा एक धंदा आणि तेजी-मंदी खेळणे हा दुसरा. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत असला की एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यामागे लपतो.

काय बदलले

पहिला निर्णय बँकेकडे वाढीव मर्यादा न मागण्याचा झाला, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण होता. अर्ज भरून तयार होता. व्यवस्थापकही अनुकूल होते. पण 90 दिवसांचे चक्र तसेच ठेवून आणखी 10 लाख आणले असते तर ते वर्षभरात त्याच दुकानांच्या पानांवर जाऊन बसले असते.

उधारीवर मग दोन दर ठरले. रोख 145 असेल तर 30 दिवसांच्या उधारीला 148. आणि भाव बदलला तरी हा तीन रुपयांचा फरक कायम. दुकानदारांना हे पटवणे जड जाईल असे वाटले होते, पण जवळजवळ निम्म्यांनी रोख दर पसंत केला, कारण किलोला तीन रुपये त्यांच्याही नफ्यातला मोठा भाग होता. 30 दिवसांची उधारी ज्यांना हवी होती त्यांना एक नियम: मागचे बिल पूर्ण फिटल्यावरच पुढचा माल, आणि जमा लिहिताना बिलाचा क्रमांक लिहायचा. जुनी बाकी वेगळ्या पानावर गोठवली. दुकानदाराने नवा माल रोखीने घ्यायचा आणि बिलाच्या रकमेवर दहा टक्के जुन्या बाकीपोटी द्यायचे. 30,100 बाकी असलेल्या दुकानदाराने 10,000 चा माल घेतला तर 11,000 देऊन त्याची बाकी 29,100 होते. गती संथ आहे, पण दुकानदाराची इज्जत राहते, तो तोंड चुकवत नाही आणि दर खेपेला दोघांनाही आकडा उतरताना दिसतो. टेम्पोवर धाकटा स्वतः न जाता गडी जाऊ लागला, ही बाब वरवर क्षुल्लक वाटेल. मालकाला दुकानात "बघूत" म्हणता येते; गड्याला मात्र वहिनींनी लिहून दिलेल्या चिठ्ठीपलीकडे अधिकारच नसतो, त्यामुळे बोलणे तिथेच संपते.

काही दुकाने गेली. 90 दिवसांवरच्या बाकीतले सगळे पैसे येणार नाहीत हेही मान्य करावे लागले.

लातूरच्या पुरवठादाराबाबत कायद्याचा आधार होता. मिल लहान उद्योगांच्या नोंदणीसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर उत्पादक म्हणून नोंदलेली होती. ही नोंदणी विनाशुल्क होते, एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि तक्रार थकलेल्या देयकांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन नेता येते. त्याहून जास्त उपयोगी पडली ती तेव्हाच्या 1961 च्या आयकर कायद्यात आलेली आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झालेली कलम 43बी(एच) ची तरतूद: या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. मार्चअखेर मोठी बाकी राहिली तर कर त्याच्याच अंगावर येतो.

याचा वापर भांडण म्हणून केला गेला नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि "देय मुदत 45 दिवस" ही ओळ छापली गेली, एक साधा करार करून घेतला गेला आणि फेब्रुवारीत बाकीचे पत्र गेले. पुढचे काम पुरवठादाराच्या कर सल्लागाराने केले. मार्च संपण्यापूर्वी 45 दिवसांवरची सगळी बिले फिटली. दोन रुपयांची सूट मात्र 30 दिवसांत पैसे आले तरच, असे ठरले, आणि त्यानंतर तो घेतो 10 क्विंटल. ज्यांना ही तरतूद रामबाण वाटते त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अनुमानित उत्पन्नावर (प्रत्यक्ष खर्च न दाखवता, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर) कर भरणाऱ्या लहान दुकानदारावर तिचा परिणाम होत नाही, आणि परिषदेकडे गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. शिवाय नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करणाऱ्यास विलंबित देयकाच्या या तरतुदीचे संरक्षण नाही. डाळ तयार करणारा म्हणून मिलला ते मिळाले.

मजुरीचे काम पुन्हा सुरू करणे हा निर्णय सर्वांत फायद्याचा ठरला. किलोला 8 रुपये म्हणजे क्विंटलला 800. बारदाना शेतकऱ्याचा, त्यामुळे खर्च 400 आणि शिल्लक 400. स्वतः तूर घेऊन डाळ विकण्यात मिळणाऱ्या 315 पेक्षा हे जास्त, आणि त्यात एक रुपयाही अडकत नाही, भाव पडण्याची भीती नाही, वसुली नाही. जानेवारी ते एप्रिल महिन्याला 60 क्विंटल धरले तर 24 हजार रुपये महिना. कटकट होती ती खरी, कारण प्रत्येकाची तूर वेगळी ठेवावी लागते; तिच्यावर उपाय म्हणून आठवड्यातले तीन वार फक्त मजुरीला दिले आणि ओट्यावर चुन्याने रकाने आखून प्रत्येकाच्या ढिगावर नावाची पाटी लावली. वाढीच्या भरात ज्या कामाला किरकोळ म्हणून सोडले जाते ते बिनभांडवली असते का, हे आधी पाहावे.

साठ्यावर 10 दिवसांची मर्यादा आली. पावसाळ्यासाठीची तूर वेगळी भरायची, तीही स्वतःच्या शिलकीतूनच, आणि तिचा हिशेब वेगळ्या वहीत. थोरल्यांच्या शेतातली तूर भाव पडलेला असताना विकायची नव्हती, तेव्हा ती त्यांनी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवली. तिथे मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 180 दिवसांसाठी 6 टक्क्यांनी मिळते. ही योजना शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही, त्यामुळे मिलच्या नावाची तूर तिथे चालली नसती.

याच सुमारास कुणीतरी पिशवीवर "बोरसुरी डाळ" छापण्याचा सल्ला दिला. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसताना आणि तूर त्या भागातली नसताना ते नाव वापरणे ही फसवणूक ठरली असती. किलो-किलोच्या पिशव्यांचा विचारही तूर्त मागे पडला. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर 5 टक्के जीएसटी लागू झाला होता, सुट्या डाळीवर नव्हता, आणि 30 किलोच्या कट्ट्यावर चालणाऱ्या गिऱ्हाइकाला पिशवीचे अगत्य नव्हते.

आजची स्थिती

मिल आता महिन्याला 70 क्विंटल स्वतःची तूर करते आणि चक्र 45 दिवसांवर आले आहे. 7,500 च्या भावाने धरले तर अडकलेला पैसा साडेआठ लाख. तोट्यानंतर स्वतःचे भांडवल अडीच लाखांवर आले आहे, उरलेले 6 लाख कॅश क्रेडिटचे. हातउसने आणि सोनेतारण फिटले. क्विंटलमागची शिल्लक तीच धरली तर 22 हजारांतून 5,500 व्याज जाऊन साडेसोळा हजार उरतात, आणि हंगामाचे चार महिने मजुरीचे 24 हजार त्यावर.

धाकट्याला आता कलर सॉर्टर हवा आहे. काळे आणि न सोललेले दाणे वेगळे झाले की डाळीला वरचा भाव मिळेल, हे बरोबर आहे. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते. मात्र ते कर्जाशी जोडलेले असते आणि तीन वर्षे बँकेतच राखीव राहते, म्हणून सुरुवातीचा हप्ता पूर्ण कर्जाच्या तयारीने धरावा लागतो. धाकट्याच्या पत्नीचा आक्षेप वेगळाच आहे. मिलचे काम अडते ते यंत्राजवळ नव्हे, ओट्यावर. रोज चार क्विंटल तूर तीन दिवस वाळायची तर बारा क्विंटलची जागा कायम भरलेली असते, आणि मजुरीच्या वारांना ती पुरत नाही. सॉर्टर आला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणारा माल तेवढाच राहील. त्यामुळे या हंगामाआधी शेडच्या मागच्या बाजूला सिमेंटचा ओटा वाढवायचा, सॉर्टरसाठी आलेले दरपत्रक पुढच्या मार्चपर्यंत बाजूला ठेवायचे, आणि तोपर्यंत काळ्या दाण्यांमुळे किती डाळ कमी भावाने गेली याची वेगळी नोंद ठेवायची, असे ठरले आहे. थोरल्यांचे मत अजूनही ओट्याच्या जागी गोठा वाढवावा असेच आहे.